दर्यावरचे इंजिन

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक प्रश्न विचारतो. नाव पाण्यावर चालते आणि मोटार रस्त्यावर. मग नावेच्या इंजिनातला एखादा भाग मोटारीच्या इंजिनात चालेल का? उत्तर देण्याची घाई करू नका. मी एकदा घाई केली होती. ती कशी महागात पडली आणि नावेच्या इंजिनाने ती चूक कशी निस्तरली, तेच आज सांगणार आहे.

आमचे गाव सावनेर. नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, नागपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, कोलार नदीच्या काठी ते वसले आहे. आसपास संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते आणि जमिनीखाली दगडी कोळसा. थोर नाटककार राम गणेश गडकरी यांचे निधन १९१९ साली याच गावी झाले. पण समुद्राचे म्हणाल, तर मुंबई येथून रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक दूर. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

माझे वडील टॅक्सी चालवत. १९८८ साली त्यांनी एक जुनी डिझेल अँबॅसडर कर्ज काढून विकत घेतली. आज तुम्हांला रस्त्यावर अँबॅसडर क्वचितच दिसेल. त्या काळी मात्र मंत्र्यापासून नवरदेवापर्यंत सर्वांना हीच गाडी लागे. आमच्या गाडीतून बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, वऱ्हाडे लग्नाला गेली, वाकीच्या दर्ग्याला जाणारे भाविक उरुसाला गेले. घरातल्या कमावत्या माणसाला जो मान असतो, तोच आम्ही त्या गाडीला देत होतो.

रोज पहाटे बाबा बॉनेट उघडत. आधी रेडिएटरमधले पाणी पाहत, मग तेल, मग पंख्याचा पट्टा. इंजिनात डिझेल जळते, तेव्हा लोखंड भयंकर तापते. ती उष्णता काढून घेण्यासाठी इंजिनाच्या भिंतींच्या आत पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून पाणी सतत फिरते, रेडिएटरमध्ये येऊन थंड होते आणि पुन्हा आत जाते. पाणी संपले की इंजिन संपले. म्हणून गाडी निघण्यापूर्वी बाबांच्या तोंडी एकच वाक्य असे, "पाणी पाहिलं का?" आम्ही भावंडे शाळेला निघालो, तरी ते चुकून तेच विचारत आणि मग स्वतःच हसत.

मे १९९४ मधली गोष्ट. माझी दहावीची परीक्षा झाली होती. छिंदवाड्याला एक वऱ्हाड निघाले होते आणि वऱ्हाडातली पाच माणसे आमच्या गाडीत होती. मी मदतनीस म्हणून बाबांबरोबर गेलो. केळवद मागे पडले, सौंसर मागे पडले आणि सिल्लेवानीचा घाट सुरू झाला. वरून ऊन, टपावर पेट्या आणि समोर चढण. निम्मा घाट चढलो असू, तोच बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. बाबांनी गाडी कडेला घेतली. पाहतात तो पाण्याची रबरी नळी सैल झालेली. बरेचसे पाणी वाटेत गळून गेले होते.

बाबांनी नळी आवळली, डबा उचलला आणि ते पाणी शोधायला निघाले. जाताना मला म्हणाले, "इंजिन तापलं आहे. अर्धा तास तरी त्याला हात लावू नको. झाकण उघडू नको. गार पाणी तर मुळीच घालू नको."

पंधरा मिनिटे गेली. वऱ्हाडातले एक गृहस्थ सारखे घड्याळ पाहत होते. "अरे, मुहूर्त टळेल! ड्रायव्हरचा मुलगा ना तू? तुला काहीच येत नाही का?" असे ते म्हणाले. ते वाक्य मला लागले. मी ओले फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवले. वाफेचा झोत उसळला आणि मनगट भाजले. तरीही मी त्यांच्या सुरईतले गार पाणी आत ओतले. तेवढ्यात आतून एक बारीक आवाज आला. टक्! बस, एवढाच. मी झाकण लावले आणि शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली.

बाबा डबा भरून आले. त्यांनी विचारले, "झाकण उघडलंस का?"

मी म्हणालो, "नाही."

मित्रांनो, कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला, तर काय होते, हे तुम्ही पाहिले असेल. जिथे थेंब पडतो, तो भाग एकदम आकसतो, बाकीची काच तशीच फुगलेली राहते आणि काच तडकते. इंजिनाचे बिडाचे लोखंड काचेइतके नाजूक नसते, पण स्वभावाने तसेच ठिसूळ असते. ते वाकत नाही, तडकते.

छिंदवाड्याला आम्ही कसेबसे पोहोचलो. परतताना इंजिन ठोकल्यासारखा आवाज करू लागले आणि बंद पडले. एका ट्रकच्या मागे दोर बांधून गाडी सावनेरला आणली. जुन्या बसस्थानकाजवळ आमच्या उस्तादांचे गॅरेज होते. त्यांनी तेल तपासण्याची पट्टी ओढून पाहिली. तेल ताकासारखे पांढुरके झाले होते. तेलात पाणी मिसळले, म्हणजे आत कुठेतरी तडा गेला, हे त्यांनी ओळखले. अशा तेलावर इंजिन चालले, म्हणजे बेअरिंगेही गेली. खर्चाचा आकडा ऐकून बाबांनी बॉनेट लावले, ते लावलेच.

गाडी अंगणातल्या चिंचेखाली उभी राहिली. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. बाबा दुसऱ्याच्या ट्रकवर रात्रपाळीने जाऊ लागले. मी नागपूरला आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकलो, लेथवर नोकरीला लागलो. घर सावरले. पण सुट्टीत सावनेरला आलो की चिंचेखाली उभी असलेली ती गाडी माझ्याकडे पाहत आहे, असे मला वाटे. त्या 'नाही'बद्दल मी कोणाजवळ अवाक्षर काढले नव्हते.

मे २०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादन बंद झाल्याची बातमी आली. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ साली, मी ठरवले की काही झाले तरी हे इंजिन पुन्हा चालू करायचे. बाबा तेव्हा सत्तरीला आले होते. मी उस्तादांकडे गेलो. त्यांचेही केस पांढरे झाले होते, पण हात तसेच स्थिर होते. "तुझ्या सुट्ट्या आणि माझी नजर. दोन्ही जुळल्या तर होईल," ते म्हणाले.

आम्ही इंजिन उतरवले आणि एकेक भाग सुटा केला. हे इंजिन चार सिलिंडरांचे, १४८९ घन सेंटिमीटरचे, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे. त्यात तीन मोठे भाग असतात. खालचा मुख्य सांगाडा म्हणजे ब्लॉक. त्यावर झाकणासारखे बसते ते सिलिंडर हेड. आणि पोटात फिरतो तो क्रँकशाफ्ट. पिस्टनची वर-खाली हालचाल हा दांडा गोल फिरण्यात बदलतो.

हेडमध्ये दोन झडपांच्या मधोमध केसासारखी तड होती. क्रँकशाफ्टवर बोटाला लागतील असे ओरखडे होते. तो पूर्वीच दोनदा घासून बारीक केलेला होता, आणखी घासण्याजोगा उरला नव्हता. राहिला ब्लॉक. उस्तादांनी तो रात्रभर रॉकेलने भिजवून ठेवला. सकाळी कोरड्या फडक्याने लख्ख पुसला आणि वर खडूची पूड फासली. "आता चहा पिऊ," ते म्हणाले. कुठे तडा असेल, तर त्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. चहा झाला, गप्पा झाल्या, खडू पांढराच राहिला. ब्लॉक शाबूत होता! ही आनंदाची गोष्ट होती, कारण इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच असतो आणि गाडीच्या कागदपत्रांत तोच नोंदलेला असतो.

आता हेड आणि क्रँकशाफ्ट हवे होते. नागपूरच्या भंगार बाजारात मी तीन रविवार हिंडलो. जे मिळाले, ते आमच्यापेक्षा वाईट. मी निराश होऊन परतलो, तेव्हा उस्ताद म्हणाले, "जमिनीवर मिळत नसेल, तर पाण्यावर शोध."

मला वाटले, ते थट्टा करीत आहेत. पण तरुणपणी ते मुंबईला भाऊच्या धक्क्याजवळ लाँच दुरुस्त करण्याच्या कामावर होते. त्यांनी मला या इंजिनाची कुळकथा सांगितली. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने ती बनवली. १९८०च्या सुमारास तिच्यात जे डिझेल इंजिन बसवू लागले, त्याचा आराखडा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा होता. इंग्लंडमध्ये हेच इंजिन मोटारींत आणि मालवाहू गाड्यांत बसे, आणि थोडे फेरफार करून नावांतही बसे. तेथील कालव्यांत लांबट, अरुंद नावा चालतात. त्यांपैकी कित्येकींच्या पोटात आपल्या अँबॅसडरचे हे भावंड धडधडत असते. एक भाऊ सावनेरच्या धुळीत, दुसरा इंग्लंडच्या कालव्यात!

"मुंबईला दारूखान्यात जा," उस्तादांनी सांगितले.

मी घरी हे सांगितले, तर आई दचकली. "कुठे? दारूखान्यात?" मित्रांनो, तुम्हीही हसलात ना? मराठीत दारू या शब्दाचा एक अर्थ मद्य आणि दुसरा अर्थ बंदुकीची दारू, म्हणजे तुमच्या भाषेतली बारूद. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, रे रोड स्टेशनजवळ, पूर्वी दारूगोळ्याशी संबंध असलेली ती जागा. पुढे तेथे जुनी जहाजे तोडण्याचे काम चाले. आईला हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

दारूखान्यात मी जे पाहिले, ते विसरणे शक्य नाही. माणसाच्या मांडीएवढ्या कड्यांच्या साखळ्या, गंजलेले नांगर, गोल खिडक्या, दोरखंडांचे ढीग, पितळी चाके. एका दुकानात एका मोडलेल्या लाँचचे इंजिन होते. रंग हिरवा, अंगावर मिठाचे पांढरे डाग. पण आकार पाहताच मी ओळखले. जणू आपलाच माणूस परक्या मुलखात वेगळे कपडे घालून भेटावा, तसे झाले.

दुकानदार वयस्कर होते. मी किंमत विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, "भाऊ, आधी ऐकून घ्या. लाँच धक्क्याला कलली होती, तेव्हा धुराच्या नळीतून समुद्राचं पाणी इंजिनात गेलं होतं. एका सिलिंडरात गंज आहे. आतून किती खाल्लं, ते मला माहीत नाही. हे ऐकूनही हवं असेल, तर भाव सांगतो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांनी हे सांगितले नसते, तर मला कळलेही नसते. मी इंजिन घेतले आणि मालट्रकने सावनेरला पाठवले.

ते खोक्यातून निघाले, तेव्हा अर्धी गल्ली जमली. मी तर हुरळून गेलो होतो. "उस्ताद, सगळंच्या सगळं बसवून टाकू!" मी म्हणालो. ते म्हणाले, "थांब. आधी प्रत्येक भागाला विचार, तू कुठे होतास आणि काय काम करत होतास?"

मग त्यांनी मला जे शिकवले, ते तुम्हांलाही सांगतो. नावेच्या भोवती पाणीच पाणी असते, म्हणून तिला रेडिएटर किंवा पंखा लागत नाही. काही नावांत समुद्राचे खारे पाणी सरळ इंजिनाच्या आतून फिरवतात. अशा इंजिनाच्या वाटा मिठाने आणि गंजाने आतून कुरतडल्या जातात. वरून रंग छान, आत पोखरलेले. तसले हेड घेणे म्हणजे वाळवी लागलेले दार घेणे. दुसऱ्या प्रकारच्या नावांत इंजिनाच्या आत गोडेच पाणी फिरते आणि खारे पाणी त्याला एका वेगळ्या पेटीत, नळ्यांच्या पलीकडून थंड करते. ही दोन पाणी कधी एकत्र होत नाहीत. या पेटीत जस्ताचा एक तुकडा बसवतात. खारे पाणी इतर धातूंच्या आधी जस्ताला खाते. जस्त झिजते आणि बाकीचे धातू वाचतात.

आमच्या इंजिनाला ती पेटी होती. उस्तादांनी ती उघडली. जस्ताचा तुकडा झिजून सुपारीएवढा उरला होता. "याने आपलं काम केलं," ते हळूच म्हणाले. हेडच्या वाटांत तार घालून पाहिली, तर त्या स्वच्छ होत्या. त्यावरही रॉकेल आणि खडूची परीक्षा झाली. हेड पास झाले. गंजलेल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा मात्र फेकून दिल्या.

मग क्रँकशाफ्ट. उस्तादांनी तो दोराने टांगला आणि छोट्या हातोडीने हलकेच ठोकला. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद आला आणि बराच वेळ रेंगाळला. मग त्यांनी आमच्या गाडीच्या जुन्या दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तडा असता तर भद्द आवाज आला असता. नाणं खणखणीत आहे." तरीही नुसत्या कानावर विसंबायचे नाही. मी मायक्रोमीटरने प्रत्येक जागा मोजली आणि आकडे वहीत लिहिले. दांडा मूळ मापाचा होता, एकदाही घासलेला नव्हता.

पण एक अडचण निघाली. मोटारीत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक भोक असते. त्यात पितळी रंगाची छोटी नळी बसते आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक त्या नळीत टेकून फिरते. नावेला पायाने दाबायचा क्लच नसतो, त्यामुळे त्या नळीची गरज नसते. आमच्या नावेच्या दांड्याचे ते भोक नुसतेच खडबडीत सोडलेले होते. येथे माझी नोकरी कामी आली. मी लेथवर ते भोक मापात साफ केले आणि फॉस्फर ब्राँझची नळी कातून त्यात बसवली. एवढ्याशा नळीला मला पूर्ण दिवस लागला.

आता काय घेतले नाही, तेही ऐका. नावेच्या धुराच्या नळीभोवती पाण्याचे जाड आवरण होते, कारण बंद जागेत तापलेली नळी धोक्याची असते. रंगवून ते मोठे रुबाबदार दिसत होते. मला ते बसवायचे होते. उस्ताद म्हणाले, "गाडीला वारा लागतो. हे ओझं कशाला?" नावेच्या खाऱ्या पाण्याच्या पंपात रबरी पाकळ्यांचे चाक असते. ते कोरडे फिरले, तर काही मिनिटांत जळते. तेही नको. नावेत इंजिन मागे कललेले बसते, म्हणून तिची तेलाची टाकी आणि तेल मोजण्याची पट्टी वेगळी. ती आमच्या गाडीला लावली असती, तर तेल कमी असूनही पुरेसे दिसले असते. तीही नको. क्लच लागतो, म्हणून जड चाकही आमचेच ठेवले. ब्लॉकच्या पोकळ वाटा बंद करणाऱ्या गोल टोप्या मात्र नावेच्या पद्धतीने पितळेच्या बसवल्या, कारण पोलादी टोप्या गंजून गळतात.

म्हणजे पाहा, जे भाग दिसायला सर्वांत सुंदर, ते बाजूला राहिले. पोटातला क्रँकशाफ्ट, जो कोणाला दिसणार नाही, तो कामी आला.

एके दिवशी काम करता करता उस्तादांनी विचारले, "दर्या म्हणजे काय?" मी म्हणालो, "समुद्र." ते हसले. "मराठीत समुद्र. आमच्या उर्दूत दरिया म्हणजे नदी. शब्द एकच, फारसीतून आलेला. फारसीत तो समुद्रच होता. इकडे येऊन एका घरी समुद्र राहिला, दुसऱ्या घरी नदी झाला." मग मला आठवले, शिकस्त म्हणजे उर्दूत हार, आणि मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे शक्य तेवढा जोर लावला. मित्रांनो, मराठी शिकताना तुम्हांला असे ओळखीचे शब्द जागोजागी भेटतील. उस्ताद, कारखाना, औजार, जहाज, बंदर. त्यांना पाहून आनंद जरूर माना. पण या घरी ते काय काम करतात, हे विचारल्याशिवाय वाक्यात बसवू नका. भागांचे आणि शब्दांचे हे बाबतीत सारखेच आहे.

उस्तादांची एक वही होती. इंजिनात जाणाऱ्या प्रत्येक भागाची तीत नोंद होई. कुठून आला, त्याला काय झाले होते, माप किती, काय दुरुस्ती केली. नावेच्या हेडपुढे त्यांनी लिहिले, "मुंबई. धुराच्या नळीतून खारे पाणी. दोन झडपा बदलल्या." मग त्यांनी आमच्या जुन्या तडकलेल्या हेडला हात लावला आणि पेन उचलून विचारले, "आणि याला काय झालं होतं?"

मी गप्प बसलो. दारूखान्यातले ते दुकानदार मला आठवले. मी तर त्यांचा कोणीही नव्हतो. तोटा होईल हे माहीत असून त्यांनी मला खरे सांगितले होते. आणि मी? खुद्द वडिलांना बावीस वर्षे खरे सांगितले नव्हते. मी उस्तादांना घाटातली सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी पेनचे टोपण लावले. "तड पाहताच मला कळलं होतं, की तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं आहे. पण कुणी ओतलं, ते लोखंड सांगत नाही. ही नोंद मी करणार नाही. ज्यांना सांगायची, त्यांना जाऊन सांग."

इंजिन बसवून झाले, तो नोव्हेंबरातला रविवार होता. बाबांना खुर्ची टाकून अंगणात बसवले होते. पहिल्यांदा इंजिन नुसतेच गुरगुरले. दुसऱ्यांदा पांढरा धूर आला. तिसऱ्यांदा ते खडखडत, थरथरत पेटले आणि पाहता पाहता त्याचा आवाज एकसारखा झाला. चिंचेवरची पाखरे उडाली. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा मात्र तसेच बसून आवाज ऐकत होते.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो. बाही वर करून मनगटावरचा जुना डाग त्यांना दाखवला आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी घाटात मी झाकण उघडलं होतं. गार पाणीही मीच ओतलं होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो."

ते ओरडतील, असे मला वाटले. किंवा म्हणतील, 'मला तेव्हाच कळलं होतं.' पण ते बराच वेळ माझ्या मनगटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी वऱ्हाडी घाई करत होते. मी पाणी पाहिलं, पण नळी हाताने तपासली नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, गाडी माझ्या हलगर्जीपणाने गेली. म्हणून पुन्हा स्वतःची गाडी घेण्याचं धाडसच झालं नाही."

मित्रांनो, खोटे बोलून मी फक्त स्वतःला वाचवले, अशी माझी समजूत होती. माझा भार बाबा वाहत आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. तडकलेले हेड बदलता येते. दुसरे मुंबईहून आणता येते. ही बावीस वर्षे मात्र कोणत्या दारूखान्यात मिळणार?

मी मान खाली घालून बसलो होतो. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठले, इंजिनाजवळ गेले आणि उघड्या बॉनेटमध्ये वाकून त्यांनी पाण्याची एकेक रबरी नळी हाताने चाचपून पाहिली. मग मागे वळून मला म्हणाले, "आता बंद कर. पुरतं गार होऊ दे. संध्याकाळी वाकीपर्यंत जाऊन येऊ. निघण्याआधी पाणी तू पाहा, नळ्या मी पाहतो."